तुझ्या घागरीत कोणतं पाणी भरू?

प्रिय इंदूस,

उद्या अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तू गेल्यानंतरची पहिली. सूनबाईने मातीची घागर आणली आहे, वर ठेवायला डांगरही आणलं आहे, चांगलं पिकलेलं खरबूज. ती घागर तुझ्या नावाने भरायची, आणि तू येऊन पाणी पिणार. म्हणून आजच लिहायला बसलो. कोणतं पाणी भरू?

तू असतीस तर हा प्रश्नच पडला नसता. आपल्या बमरोलीत घरोघरी नळ आला तरी तू गल्लीतल्या बोअरवरच जायचीस. "नळना पानीले औषधना वास येस. ते देवले चालत नही," म्हणायचीस. देवाला बोअरचं, पितरांना बोअरचं, आणि स्वतःलाही तेच. मी नळाचं प्यायलो की टोमणा ठरलेला. "तुम्ही मीलना मानूस, तुम्हले काय बी चालस." आपल्या बोअरचं पाणी गोड, याचा तुला केवढा अभिमान होता.

इंदू, त्या बोअरवर आता लाल फुली मारली आहे.

पाणी तपासायला पालिकेकडून एक मुलगी आली होती, आपल्या सुनेच्या वयाची. काचेच्या छोट्या बाटल्या तिने काठोकाठ भरल्या, आत बुडबुडाही राहू दिला नाही. तू घागर भरायचीस तशीच. मग काही दिवसांनी ती सांगायला आली. बोअरमागे ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे ना, तिथे डाग काढायचं औषध वापरून झालं की मागच्या खड्ड्यात ओतायचे. ते पाण्यापेक्षा जड, मुरत मुरत खाली गेलं.

"काका, या पाण्याला जो गोडसर वास येतो ना, तो त्याचाच," ती म्हणाली.

मी डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, माझ्या इंदूचं लिव्हर या पाण्यानेच गेलं का? ते म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही. मग कुणाला विचारू? देवासमोर बसलो. पण त्याच्या तांब्यातही तेच पाणी होतं ना गं.

बाया अजून तिथेच हंडे लावतात. मी अडवलं तर म्हणतात, "इंदूबाई तर देवालाही हेच घालायच्या." तुझंच नाव पुढे करतात. काय बोलू त्यांना?

आता ठरवलं आहे. उद्या त्या सगळ्यांना घरी बोलावीन. त्यांच्या देखत तुझी घागर नळाच्या पाण्याने भरीन, आणि का भरतो तेही सांगीन.

पहिल्या घोटाला तू तोंड वाकडं करशील, मला ठाऊक आहे. कर. पण पी.

तुझा,
वामन