सात नंबरची फ्लॉपी

५ एप्रिल १९९८, रविवार

आला! सव्वादोनला टेम्पोतून उतरवला, चार वाजून दहा मिनिटांनी चालू. पेंटियम कॉम्प्युटर, ३२ एमबी, नवी हार्ड डिस्क, नवी विंडोज. जोडणी सगळी माझ्या हातची. उल्हासनगर कॅम्प दोनच्या परसूमलच्या दुकानातला माणूस नुसता उभा राहून बघत होता. जाताना म्हणतो, "काका, आपने कोर्स किया है क्या?" म्हटलं, अकरावी नापास!

जुना ३८६ परसूमलला बदल्यात दिला. देण्याआधी सगळ्या फायली फ्लॉप्यांवर उतरवल्या, उघडून तपासल्या. तेवीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रोमीटर धरलाय, उगाच नाही.

टेबलाची उंची कमी पडत होती. माझ्या जुन्या रोजनिशांच्या ट्रंकेवर मशीन ठेवलं. उंची अगदी बरोबर!

अंजनी म्हणाली, "जुन्याला काय झालं होतं?" तिला अपग्रेड समजावणं सोडून दिलंय.

११ एप्रिल

मराठी कार्ड आज नव्या मशीनमध्ये बसवलं. हे कार्ड असलं तरच पडद्यावर देवनागरी उमटते. स्लॉटमध्ये बसलं छान, पण बोलेना. मशीन ड्रायव्हर मागतं — म्हणजे कार्डाशी कसं वागायचं ते मशीनला सांगणारा प्रोग्रॅम. कार्डाबरोबर त्याची फ्लॉपी आली होती. माझ्या यादीत ७ नंबर. शोधून लावतो.

तोवर सासूबाईंच्या नोंदी उघडून पाहिल्या. चौकोन, अर्धे चंद्र, उलटे प्रश्नचिन्ह. भुतांची बाराखडी! घाबरायचं कारण नाही.

१२ एप्रिल

सकाळी धर्मराज आला. अंजनीचा मोठा भाऊ, मोरिवलीहून सायकलवर. खिशात कंपनीचं पत्र, चार घड्या घातलेलं. ३१ मे रोजी वयाची ५८ वर्षे पूर्ण होत असल्याने सेवानिवृत्त.

शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९४०. गुरुजींनी त्या काळी अर्ध्या गावाला एक जून दिला. त्यातून ह्याला थोरल्या भावाबरोबर शाळेत बसवायचं म्हणून वय वाढवून घातलेलं. खरं वय दोनेक वर्षांनी कमी, हे घरात सगळ्यांना ठाऊक. अंजनी म्हणते, "दादा पिठोरीच्या अमावास्येचा, आई दर वर्षी सांगायची. पण साल?"

साल माझ्याकडे आहे. सासूबाई, मोतीबाई, मोरिवलीत चाळीस वर्षं सुईण होत्या. अक्षरओळख नाही, पण कुठलं पोर कधी झालं ते सणावरून, पुरावरून, कुणाच्या लग्नावरून सांगायच्या. १९९३ मध्ये त्या आमच्या मोरिवलीच्या खोलीत बसून वाल सोलत बोलायच्या, मी थेट मशीनवर टंकायचो आणि जुन्या पंचांगांवरून तारीख बसवायचो. सहाशे चाळीस नोंदी. अंजनी तेव्हा म्हणाली होती, वहीतही लिहा. मी म्हटलं, कागदाला वाळवी लागते. शहाण्णवला सासूबाई गेल्या.

गेल्या वर्षी गावातल्या सोमाला असंच पान छापून दिलं, कंपनीत त्याचं वय दुरुस्त झालं. साहेबांनी धर्मराजलाही सांगितलंय — सुईणीची लेखी नोंद १५ मेच्या आत आणा, बघू.

धर्मराजची नोंद क्रमांक ११२. क्रमांक पाठ आहे. साल आठवत नाही!

"र्‍हाऊ द्या, म्हयनाभर हाय," धर्मराज म्हणाला. "तुमी हाव ना. माज्या पोरीचं, राहीचं नर्सिंग तेवढं पुरं झालं म्हंजे मी सुटलो. दोन वर्सां."

१९ एप्रिल, रविवार

७ नंबर नाही.

पेटीत एक ते चाळीस. तीनदा मोजल्या. एकोणचाळीस भरतात. सात नाही!

माझ्याकडून वस्तू हरवत नाही. तीन वर्षांपूर्वी मोरिवलीची खोली सोडून इकडे अंबरनाथ पूर्वेला आलो, तेव्हा फ्लॉप्यांची पेटी धर्मराजच्या सायकलच्या कॅरियरवर होती. झाकण सुतळीने बांधलेलं. मी संध्याकाळी त्याला सरळ विचारलं — वाटेत पेटी पडली होती का?

विचार करत बसला. मग म्हणाला, "फाटकाजवल गचका बसलेला, भावोजी. माज्याच हातून पडली आसंल."

मी म्हटलं, बघ, म्हणजे स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा!

तो हसला. अंजनीने चहाचा कप इतका जोरात ठेवला की बशीत अर्धा सांडला.

२१ एप्रिल

परसूमलकडे गेलो. जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कवर ड्रायव्हर होता, ती परत द्या म्हटलं. तो पापड खात होता. "सांई, वो तो उसी दिन खोल दिया! डिस्क एक पार्टी ले गई, फॉरमॅट मारके. आप पंधरा दिन पहले बोलते!"

मी पंधरा दिवसांपूर्वी त्याला रॅमवर भाषण देत होतो.

२५ एप्रिल

एसटीडी बूथवरून कार्डाच्या कंपनीला फोन, पुण्याला. तिसऱ्यांदा लागला. एक बाई. मॉडेल नंबर सांगितला, सिरियल नंबर सांगितला, खरेदीची तारीख सांगितली. "सर, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही." म्हटलं, मॅडम, मला सपोर्ट नको, एक फ्लॉपी हवी. "सर, तुम्ही अपग्रेड करून घ्या ना!"

अपग्रेडच केलंय म्हटलं. बूथवाला हसला.

पत्र लिहा म्हणाली. लिहिलं. रजिस्टर्ड, पोचपावतीसह.

३ मे

परसूमल मनाने वाईट नाही. ठाण्याहून कुणाकडून तरी ह्याच कार्डाच्या ड्रायव्हरची फ्लॉपी मागवली. स्वतः घरी घेऊन आला, तीन जिने चढून. लावली. मशीन म्हणतं — कार्ड सापडत नाही. फ्लॉपी दुसऱ्या आवृत्तीची, माझं कार्ड पहिल्या आवृत्तीचं. अकरा वेळा करून पाहिलं. कार्ड काढ, पुसून बसव, जंपर बदल. कार्ड डोळ्यांसमोर आहे, बोट लावता येतं. सापडत नाही!

परसूमल घाम पुसत म्हणाला, "मशीन तो मक्खन है, सांई. बस आपकी भाषा नहीं समझती."

९ मे

सोमाकडून त्याचं छापलेलं पान मागून आणलं. कल्पना अशी — त्याच पानाची फाईल उघडायची, भुतांची अक्षरं छापील अक्षरांशी ताडून पाहायची, कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते काढायचं. मग ११२ वाचता येईल. आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. पाच तास. एकाच 'म'ला एके जागी चौकोन, दुसऱ्या जागी काहीच नाही. कार्ड मजकूर आवळून ठेवतं बहुतेक. ओळ कुठे संपते तेही कळत नाही.

ती नोंद ह्याच्यात आहे. मीच घातलीये. ३१ नंबरच्या फ्लॉपीवर तिची प्रत आहे, ती शर्टाच्या खिशात घालून महिनाभर हिंडतोय. परसूमलकडे, बूथवर, कामावर. खिशाला चौकोनी वळ पडलाय.

१४ मे

पुण्याचं पत्र. टंकलिखित, दोन ओळी. सदर उत्पादन बंद केले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

कसलं सहकार्य?

१५ मे, शुक्रवार

कंपनीत धर्मराजबरोबर गेलो. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी फ्लॉपी टेबलावर ठेवली. म्हटलं, नोंद ह्यात आहे. म्हणाला, "काढून दाखवा." म्हटलं, दिसत नाही, पण आहे. ड्रायव्हर, आवृत्ती, सगळं समजावलं. तो ऐकत होता, वेड्याचं ऐकतात तसं. "काका, मी देवळात देव आहे म्हणेन. फायलीला कागद लागतो."

बाहेर येताना धर्मराजने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याने! म्हणाला, "आता फॉपी टाकलीच मी, तर तुमी काय करणार?"

मी फ्लॉपी परत खिशात घातली.

३० मे, शनिवार

निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. धर्मराजने भाषणात माझं नाव घेतलं — "भावोजींनी माज्यासाठी लय धडपड केली." टाळ्या. राही मागच्या बाकावर होती. कॉलेज सोडून बदलापूरच्या दवाखान्यात आयाचं काम धरतेय, उद्यापासून. माझ्या पाया पडली.

घरी येताना अंजनीशी एक शब्द नाही. महिनाभर तसंच चाललंय.

१ जून, सोमवार

कार्ड काढून ट्रंकेत टाकून द्यावं म्हणून मशीन जमिनीवर उतरवलं. लिहिलेलं मी कधी मागे जाऊन वाचत नाही. १९९३ ची वही सगळ्यांत वर होती. वाळवी लागलेली नाही.

"२ ऑगस्ट. आज नोंद ११२, आमच्या मेहुण्यांची! सासूबाई म्हणाल्या, दोन जेठ आले त्या साली, पिठोरीला, माझी मीच नाळ कापली. पंचांग पाहिलं — अधिक ज्येष्ठ शके १८६४. म्हणजे १० सप्टेंबर १९४२, गुरुवार. फ्लॉपी भरली. सासूबाई बोलत होत्या, थांबवता येईना. ७ नंबर पुसून तीवरच उतरवलं, ३१ नंबर दिला. ड्रायव्हर काय, मशीनमध्ये आहेच."

धर्मराज पुढच्या खोलीत आलाय. अंजनीला म्हणतोय, आज पयला दिस, घरी बसवंना.