पावणेदोन तास गवत

मडगाव, गोवा
रविवार

बसवंतप्पा अण्णांना धनराजचा पायाला हात लावून नमस्कार. तुमचा गुडघा, सुभद्राक्कांची शुगर आणि म्हैस, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. तुम्ही फोन उचलत न्हाईत (एकोणीस वेळा लावला), म्हणून पोस्टानं लिहायलोय. मागच्या जत्रेत तिसरी पंगत बसलेली असताना मी वरणाची बादली कट्ट्यावर ठेवून उदगीरच्या गाडीत बसलो, ते चुकलंच. पण गाडी सुटायली होती.

लातूरचं हॉटेल आणि पुण्याची लिफ्ट सोडून (दोन्ही माझ्या मनानं सोडलं, लिफ्टवाला वेगळं सांगंल) मी आता इथल्या एका फुटबॉल क्लबात जर्सी धुतो. मागच्या आठवड्यात कॅमेरावाला आजारी पडला, तर कोचसरांनी मलाच मचाणावर चढवलं. म्हणाले, चेंडूमागं पळू नको, जागा बघ. आता अण्णा, जागा बघायला मला तुम्हीच शिकवलंय. "खाणाऱ्याच्या तोंडाकडं कामून बघायलास रे, रिकामी पत्रावळ बघ!" आमच्या बाजूचा उजवा कोपरा पूर्ण मॅच रिकामा होता. मी पूर्ण मॅच तोच काढला. आमच्यावर चार गोल झाले, ते चारही आवाजावरून कळतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमसमोर पडद्यावर लावलं. "पावणेदोन तास गवत?" कोचसर म्हणाले. गोलकीपर हसला तर त्याला बाहेर काढलं (मला वाटलं मलाच काढलं, म्हणून मीपण उठलो). मग घाबरून बोलत सुटलो. यांच्यात खेळाचे चार भाग असतात: चेंडू आपल्याकडं, चेंडू त्यांच्याकडं, आत्ताच गेला, आत्ताच मिळाला. मी म्हटलं, आमच्या गावी हुलसूरलापण तेच हाय. बादली भरलेली, बादली रिकामी, आत्ताच संपली, आत्ताच भरून आणली. घोळ कायम संपल्या संपल्या होतो, कारण भरायला गेलेल्याची ओळ शेजारचा धरत न्हाई. तुमचा उजवा गडी पुढं गेला की त्याची ओळ कुणी धरंना, आणि चारही वेळा चेंडू ह्याच गवतावरून गेलाय.

कोचसरांनी तीनदा मागं घेऊन बघितलं. मग विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आता मी रोज मचाणावर असतो, आणि जर्सी धुवायला दुसरा माणूस आलाय. म्हणजे हे काम गेलं तर खाली उतरायला जागा न्हाई.

राग अर्धा तरी खाली ठेवावा.

तुमचा,
धनराज

ता.क. कोचसर येत्या जत्रेला हुलसूरला यायलेत, तुम्हाला भेटायला. बादली म्हणजे सरावाचं सामान असं त्यांना वाटलं. मी मध्ये बोललो न्हाई. पत्रावळीचं नाव निघालंच न्हाई.

ता.क. दुसरा. टीम कशी लावता म्हणून विचारलं, तर मी चार-तीन-तीन सांगितलं. चार भाताला, तीन वरणाला, तीन गव्हाच्या गोड हुग्गीला, आणि मागं कढईपाशी तुम्ही. हावगेप्पाला धरलं न्हाई, तो फक्त सोयऱ्यांना वाढतो.

ता.क. तिसरा. उतरल्या उतरल्या कोचसर मैदान कुठाय विचारतील. काही न सांगता पहिल्या पंगतीत बसवा. हुग्गीवर तूप सढळ सोडा, नको म्हटले तरी वाढा. पोट भरून हात धुतला की मग खरं काय ते तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघंना.