दगडाला तीन टिचक्या

९ सप्टेंबर, मंगळवार. दिवेलागण

उद्या सकाळच्या जुन्नर एसटीनं म्याडम चालल्या. आज तरी खरं सांगायचं व्हतं. जमलं न्हाय.

रानातलं धरून-वेचून खाणाऱ्यांची पोरं कुणी न शिकवता कशी शिकत्यात, ते बघायला त्या दोन महिनं आमच्या वाडीत ऱ्हायल्या. पहिल्याच दिशी मला इचारलं, "खेकडं धरायला तुला कुणी शिकवलं?" बा गेला तवा मी आश्रमशाळेत, त्याच्याकडनं शिकायचं ऱ्हाऊनच गेलं. मला धरताच येत न्हाय. पण लाज वाटली, दिली ठोकून. "बिळावरच्या दगडाला आधी तीन टिचक्या मारायच्या म्याडम. आमच्या बाची रीत." त्यांनी वहीत लिवलं. भवतीची बारकी पोरं कान देऊन ऐकत व्हती. मी मनातल्या मनात लई हसलो.

आज वढ्यावर चुलत्याची सुमी, पाच वर्साची, दगडाला टिचक्या मारत व्हती. एक, दोन, तीन. हात घातला अन् खेकडा भाईर! म्याडमनी इचारलं, "सुमे, हे कुणी शिकवलं गं?"

"कुणी न्हाय. समदीच पोरं मारत्यात."

मी तसाच हात घातला, तर वरडली, "दादा, टिचक्या ऱ्हायल्या की! तुला येवढं पण येत न्हाय व्हय?"

मग मारल्या. तीन. सुमीनं माझं मनगट धरून बिळात हात कसा तिरपा घालायचा ते दावलं. बानं असाच धरला असता का हात?

खरं सांगितलं तर म्याडम वहीतली बाच्या रीतीची ओळ खोडतील. बाचं म्हणून माझ्यापाशी दुसरं कायबी न्हाय, अन् हे बी मीच रचलेलं. तरी ऱ्हाऊ दे वहीत.