थंड इंजिनाची पारख

बाबा, आज सकाळी गल्लीत कोणाची तरी जुनी डिझेल गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. धुकं असं की समोरचं फाटक दिसेना, आणि तो मालक नुसता किल्ली फिरवत होता. मी खिडकीतून मनातल्या मनात त्याला दटावत होते, अरे थांब, आधी इंजिनातला हीटर तापू दे, कुठं पळून चाललंय तुझं ऑफिस. मग माझं मलाच हसू आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून लोकांच्या इंजिनांवर तुमच्या आवाजात ओरडते. म्हणून लिहायला बसले.

आपण गाडी घ्यायचं ठरवलं ते आईच्या कंबरेमुळे. लखनौला आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपण राहत होतो, शेडमध्ये तुम्ही रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचात, पास फुकट होता, आणि तरी कित्येक वर्षांत आई दसऱ्याला नागपूरला गेली नव्हती. दीक्षाभूमीला निघालेल्या त्या गर्दीत डब्यात चढणं तिच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. दर दसऱ्याला ती पांढरं पातळ नेसून घरातल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची आणि दिवसभर कमी बोलायची. एका हिवाळ्यात तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "जुनी गाडी घेऊ. मागच्या सीटवर पाय लांबवून बसन तुही माय." फंडातून पैसे काढायचे आणि डिझेलचीच घ्यायची, कारण पेट्रोलच्या गाडीचं पोट भरणं आपल्याला परवडलं नसतं. आई म्हणाली, "अन् जंगलात बंद पडली त? मले काय उचलून नेसान?" तिच्या डोक्यात नागपूरच्या वाटेवरचा सिवनीकडचा घाट होता. पुढं प्रत्येक गाडी पाहताना तुमच्या कपाळाला जी आठी पडायची ती तिच्या या प्रश्नाची होती, हे मला ठाऊक होतं.

पाहायला जाताना तुम्ही मला न्यायचात. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण एकानं आत बसून किल्ली फिरवायची आणि एकानं मागं उभं राहून धूर बघायचा, ही तुमची रीत. चारबागला एक दलाल होता, गालात पान कोंबलेला. "बाबूजी, मक्खन है मक्खन! आँख मूँद के ले जाइए." तुम्ही म्हणालात, "आँख ही मूँदनी होती तो घर पे सो जाता, भैया." मीटरवर तुमचा विश्वास नव्हता. मीटर मागं फिरवता येतं, पेडलचं झिजलेलं रबर कोण भरून देणार, म्हणायचात. आणि सगळ्यात आधी बोनेटवर तळवा ठेवायचात, आई आजारी पोराच्या कपाळावर ठेवते तसा. बोनेट कोमट लागलं की त्या दिवशीचं पाहणं संपलं. "तापलेलं इंजिन कोनाचंही गोड वाजते, पोरी. थंडं सुरू होते तवा खरं कळते." म्हणूनच तुम्ही कधी सांगून जात नव्हता. आगाऊ कळलं की दलाल आधीच गाडी फिरवून आणायचे. अशा किती तरी कोमट गाड्यांना हात लावून आपण परत आलो, आणि मला वाटायला लागलं की आईचा दसरा काही या जन्मी येत नाही.

मग शेडमधल्या कोणी तरी इंदिरानगरची गाडी सांगितली. मालक निवृत्त अधिकारी, सामान आवरून पुण्याकडे निघालेले, आणि मराठी. 'मराठी' ऐकल्यावर तुमचा चेहरा उजळला. लखनौत आपण 'महाराष्ट्र वाले' होतो, बस्स. शेजारणीला आपलं आडनाव धड उच्चारता येत नव्हतं, मग त्यातून जात काय काढणार? हे एक सुख होतं, ते सुख आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुम्हाला कळत असणार. तरी तुमचे कान भुकेले होते. स्टेशनवर कोणी पोराला मराठीत रागावलं तरी तुम्ही थबकून बघायचात. त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट चढवला. आणि जे कधीच केलं नव्हतं ते केलंत, आदल्या दिवशी निरोप धाडलात की आम्ही येतोय. आपल्या माणसाकडे काय अचानक जायचं, म्हणालात.

ते फाटकातच उभे आहेत. "या, या! अहो, लखनौत मराठी कानावर पडलं, बरं वाटलं." मग आत वळून, "अगं, पोहे टाक, आपली माणसं आलीत." व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आहेत, ऊन आहे. थंडीच्या गप्पा होतात, इथल्या भाज्यांच्या होतात. तुम्ही जपून, अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलताय आणि मला गंमत वाटतेय. "गाव कोणतं तुमचं?" "अकोल्याकडचे आम्ही." "वा! आणि आडनाव काय म्हणालात?" तुम्ही म्हणाला नव्हता. तुम्ही सांगता, नेहमीच्या आवाजात. महाराष्ट्रातल्या माणसाला ते ऐकल्यावर आणखी काही विचारावं लागत नाही. ते उठतात, खिशातून किल्ली काढतात आणि म्हणतात, "अच्छा. तो चलिए, गाड़ी देख लीजिए।"

बाबा, एकही वाईट शब्द ते बोलले नाहीत. नुसती मराठी बंद केली. आतून मोहरीच्या फोडणीचा खमंग वास येत राहिला, पण पोहे काही बाहेर आले नाहीत. तुम्ही बोनेटवर हात ठेवलात. कोमट. "सवेरे ज़रा घुमा लाए थे, आपको तकलीफ़ न हो।" तुम्ही म्हणालात, "थंडं इंजिन पाहा लागन, साहेब. उद्या सकाळी येतो." "अरे, अभी देख लीजिए ना।" "नाही, उद्या येतो." मघाचं जपून बोलणं तुम्ही टाकून दिलं होतं आणि सरळ घरच्या बोलीत आला होता. ते हिंदीत, तुम्ही वऱ्हाडीत, आणि मध्ये मी, कान लाल झालेली.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. मी परत तिथं पाऊल टाकणार नाही, म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नको येऊ. धूर मी पाहीन. किल्ली कोन फिरवन?" तेवढ्यावर मी गेले. दुसऱ्या दिवशी बोनेटवर दव होतं आणि हात ठेवल्यावर तुमचा तळवा ओला झाला. ते गृहस्थ शाल गुंडाळून व्हरांड्यातच थांबले. मी आत बसले, हीटर तापू दिला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, दुसऱ्यांदा फिरवल्यावर सुरू झालं. आरशात तुम्ही पांढऱ्या धुरात उभे दिसत होता. थंडीतला पांढरा धूर माफ असतो, तो निळा व्हायला नको, निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, एवढं मला कळायला लागलं होतं. आणि खरं सांगते, मला मनापासून वाटत होतं की तो निळा व्हावा. गाडीत काही तरी मोठी खोट निघावी आणि ती त्या माणसाला तुम्ही मराठीत ऐकवावी. धूर विरळ झाला आणि दिसेनासा झाला. तुम्ही लांब पेचकसाची मूठ कानाला लावून इंजिन ऐकलंत, ऑइलचं झाकण उघडून आतून वाफ मारते का ते बघायला वर हात धरलात, पेडलचं रबर पाहिलंत. मीटर खरं बोलत होतं.

तुम्ही गाडी घेतलीत. निघताना पुढं लटकलेलं लिंबू-मिरची सोडून त्यांच्या हातात दिलंत. "हे तुमचं राहिलं, साहेब."

घरी आईनं विचारलं, "मानूस कसा हाये?" तुम्ही म्हणालात, "गाडी चांगली हाये." आईनं तुमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

पुढच्या दसऱ्यासाठी आपण निघालो, आणि गाडी बंद पडलीच, तीही नेमकी सिवनीच्या घाटात. मागच्या सीटवरून पाय लांबवलेली आई म्हणाली, "मी म्हटलं होतं का नाही?" तुम्ही हसलात. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. फिल्टरचा स्क्रू सैल करून तुम्ही अंगठ्यानं हळूहळू पंप दाबत होता आणि मी बुडबुडे संपायची वाट बघत शेजारी उकिडवी बसले होते. तिथं मी विचारलं, "काहून घेतली त्याच्याकडून?" तुम्ही मान वर केली नाहीत. "गाडी खरी होती. तुह्या मायले न्यायचं होतं." बुडबुडे संपले, तुम्ही स्क्रू आवळलात. मी म्हटलं, "अन् तो हिंदीत बोलत होता, तर तुम्ही कशाले मराठी बोलत बसले?" तुम्ही फडक्याला हात पुसलेत. "मी काहून सोडू? मराठी काय त्यानं एकट्यानं आनली का इथं?"

गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आई माझ्या खांद्यावर हात ठेवून दीक्षाभूमीपर्यंत चालली. लोक वाट करून देत होते, "येऊ द्या बाईले, येऊ द्या" म्हणत. तिनं डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तुम्ही तुमचा चष्मा पुसत दुसरीकडे पाहत होता. तुमच्या त्या गाडीला मी तेव्हा सगळं माफ केलं, तिचा पहिला मालकसुद्धा.

आता मीच इंदिरानगरात राहते. हसू नका. मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देतात आणि मराठी वाचायच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे हे पत्र घरात कोणी वाचेल अशी भीती नाही, आणि टाकायचं तर कुठल्या पेटीत टाकू? एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. परवा शेजारी नवं बिऱ्हाड आलं. ती बाई जिन्यात भेटली, हातात झाकलेली वाटी होती. दारात वाळणारं माझं पांढरं पातळ तिनं पाहिलं असावं, किंवा मला फोनवर मराठीत बोलताना ऐकलं असावं. चेहरा असा उजळला होता तिचा, तुमचा उजळायचा तसा. म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी ना?"

मी म्हटलं, "जी, थोड़ी-थोड़ी समझ लेती हूँ।"

तिनं अजून आडनाव विचारलंसुद्धा नव्हतं, बाबा.