डमी अर्ज

सोमवार, ११ जुलै

गोकुळदासभाऊ येऊन गेले. दहा वर्षं आमच्या वॉर्डाचे पंच, म्हणजे पंचायतीतले मेंबर. यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, त्यामुळे त्यांना उभं राहता येत नाही. हे कळल्यापासून — खरं लिहिते, इथं कोण बघतंय — मी त्यांची वाटच बघत होते. काल पलंगावरची चादर बदलली. चांगले कप धुऊन ठेवले.

दोन निवडणुका मी त्यांच्यासाठी फिरले. आमच्या चाळीस रूमा. कोण कुठल्या गावचा, कुणाचं नाव यादीत नाही, कुणाची सून नवीन आलीय, मला तोंडपाठ. काजू फॅक्टरीतल्या बायका तर मला विचारूनच शिक्का मारतात.

चहा पिऊन झाला. मग बाबांकडं वळून म्हणाले, "निवृत्ती, तुझी धाकटी माका दी. पंच करून दाखयतंय."

धाकटी. वर्षा.

मी तिथंच उभी. हातात ट्रे. मला म्हणाले, तू आहेसच गो, तुझ्याशिवाय कसं व्हायचं. पण कोंकणी बोलायला लागलीस की तुझी जीभ घाटावरची. गाववाल्यांची मतं येणार नाहीत. वर्षा इथली वाटते.

वाटायचं काय त्यात, इथलीच आहे ती. म्हापशाच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. मी आले तेव्हा नऊ वर्षांची होते. चंदगडाहून टेंपोत, बाबांच्या थाप्या-घमेल्यांवर बसून. त्याला तेहेतीस वर्षं झाली. तेहेतीस वर्षं इथं राहिले ते कुणी धरत नाही. पहिली नऊ तेवढी धरतात.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. असे हसलेले मी आई गेल्यापासून बघितले नव्हते. वर्षा कामावरून आली तर तिला दारातच सांगितलं.  हात धुऊन जेवायला बसली. तिला वाढलं मी.

बुधवार, १३ जुलै

बॅनरसाठी वर्षाचा फोटो काढला, पेडण्याच्या स्टुडिओत. माझी मोरपंखी साडी नेसून. चोरून नेली असती तर भांडता तरी आलं असतं. विचारून नेली.

शुक्रवार, १५ जुलै

नळावर पार्वती भेटली. शेजारच्या रूमची, बेळगावकडची. माझ्याबरोबर फॅक्टरीत काजू सोलते. कमलाक्षीचा नवरा काय बोलत फिरतोय ते तिनं सांगितलं. कमलाक्षी म्हणजे वर्षाच्या समोरची उमेदवार, गावातल्या मोठ्या घरची. नवरा म्हणतो, एकदा बायको निवडून येऊ दे, रूमांचे घर नंबर रद्द करायला लावतो. नंबर गेले की नळ गेला, वीज गेली, मुलांचे शाळेचे दाखले अडले. पार्वतीच्या दोन मुली इथल्याच शाळेत आहेत. ती घाबरलीय.

मी म्हटलं, काही होत नाही, वर्षा येईल निवडून.

पार्वती बालदी उचलता उचलता म्हणाली, "अक्का, आम्हाला वाटलं तूच उभी राहशील."

घरापर्यंत ते वाक्य मी तोंडात धरून आणलं. विरघळू दिलं नाही.

अजून एक लिहिते. फॅक्टरीच्या बायकांनी वर्षाला उद्या पाच वाजता भेटायला बोलावलंय, निरोप माझ्याकडं दिला. मी तिला सहा सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. नाही, माहीत आहे.

शनिवार, १६ जुलै

सहाला पोचली. बायका निम्म्या गेलेल्या. उरलेल्यांना तिनं हात जोडले, उशीर झाला म्हणाली, चूक माझी. कुणी सांगितलं होतं ते बोलली नाही. तिथं बसलेल्या सगळ्यांना तीच आवडली.

मंगळवार, १९ जुलै

आज माझाही अर्ज भरला!

हसू नको. डमी अर्ज. गोकुळदासभाऊ म्हणाले, छाननीत वर्षाच्या कागदात कुणी खोट काढली आणि अर्ज उडाला तर हाताशी दुसरी कुणी पाहिजे. तिचा पास झाला की तू माघार घ्यायची. घरचीच असलेली बरी, म्हणाले. बाहेरची बाई मागं घेताना नखरे करते.

अर्ज वर्षानंच भरला. ती पेडण्याला फॉर्म भरायच्या दुकानात कामाला आहे, तिचा हात सरावलेला. दुकान बंद करता करता मला स्टुलावर बसवलं. नाव, वय, पत्ता तिनं विचारलंच नाही, पाठ होतं तिला. शिक्षणाच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

मी म्हटलं, "लिही की, सातवी."

तिनं लिहिलं. मान वर केली नाही.

आठवीचं पुस्तक मी बघितलंच नाही. त्या वर्षी हीच जन्मली होती. दीड महिन्यात आई परत कामावर गेली, घमेलं उचलायला, आणि ही माझ्या कडेवर. गुरुजी घरी आले होते विचारायला. बाबा त्यांना म्हणाले, पोरीला शिकून काय करायचं. पुढं हिची पाळी आली तेव्हा बाबा बदलले होते. हिला बी.कॉम. केलं. चांगलंच झालं. मी काय वाईट म्हणते का? पण तिच्या अर्जात त्या रकान्यात दोन ओळी आहेत आणि माझ्यात एक शब्द. दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडलेले बघितले मी.

तिचे हातही बघितले. स्वच्छ, नखांना फिका रंग. माझ्या बोटांना काजूच्या चिकाचे काळे डाग. अंगठा उमटवायचा असता तर शाईसुद्धा लागली नसती.

शनिवार, २३ जुलै

आज गावातली घरं केली. पावसात. वर्षा पुढं, मी तिच्यावर छत्री धरून मागं.

ती बोलते चांगलं. मला कबूल करावं लागतं. म्हाताऱ्यांशी हळू, तरण्यांशी हसून. कोंकणी तर अशी की ऐकणाऱ्याला वाटावं चार पिढ्या इथंच भात लावला हिच्या घरच्यांनी. प्रत्येक घरात तेच, किती गोड बोलते गो! आणि हे गोड बोलणं तिला शिकवलं कुणी? अडीच वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. मी जनेलात, खिडकीत बसवून पाववाला दाखवायची, हा बघ पोदेर आला, हा बघ पाव, हे बघ गोल गोल उंडे. पहिला शब्द 'उंडो' होता तिचा. आता बोलते, आणि माझी जीभ घाटावरची.

देवळाजवळच्या घरी म्हातारी सोप्यावर बसलेली. देवकीबाय. तिनं वर्षाला शेजारी बसवलं, पाणी दिलं. मी पायरीवर, अर्धी पावसात. म्हातारीनं माझ्याकडं हात करून विचारलं, ही कोण?

वर्षा म्हणाली, "माझ्या वांगडा आयल्या."

माझ्याबरोबर आली आहे. एवढंच. बहीण म्हणाली नाही.

परत येतानाही छत्री मी तिच्यावरच धरली. ती दोनदा म्हणाली, अक्का, छत्री तुझ्याकडं घे, भिजतेस. मी घेतली नाही.

रविवार, २४ जुलै

दिवसभर तेच डोक्यात. कदाचित घाईत म्हणाली असेल. कदाचित नसेल. विचारणार नाही मी.

मंगळवार, २६ जुलै

छाननी झाली. तिघींचेही अर्ज पास. वर्षाचा, कमलाक्षीचा, माझा.

फॅक्टरीतून अर्धी सुट्टी टाकून गेले होते. कचेरीबाहेरच्या फळ्यावर यादी लावली. टाइप केलेली. माझं नाव, भागीरथी, मग बाबांचं नाव, आडनाव, पूर्ण. रेशनकार्डावर, मतदारकार्डावर असतंच नाव, पण ते इतरांसारखंच असतं, असायचं म्हणून. हे निराळं. शेजारी उभा असलेला माणूस मोठ्यानं वाचत होता. माझं वाचून पुढं गेला, अडखळला नाही. जसं काही हे नाव तिथं असणारच होतं.

मी फोटो काढला मोबाइलवर. कुणाला दाखवला नाही.

घरी बाबा म्हणाले, वर्षाचा पास झाला, सुटलो. माझाही झाला म्हटलं. ते म्हणाले, "तुझा काय, उद्या मागंच घ्यायचाय."

खरंच आहे. मागंच घ्यायचाय.

बुधवार, २७ जुलै

सगळं नीट लिहून ठेवते. उद्या मी दुसरंच काही सांगेन, म्हणून आजच.

माघारीचा आज शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. अर्जदारानं स्वतः जाऊन सही करायची. गोकुळदासभाऊंनी माघारीचं पत्र लिहून दिलेलं, खाली मी फक्त सही करायची. त्यांना डिचोलीला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. म्हणाले, तुझ्यावर विश्वास आहे. वर्षा सकाळी लवकरच दुकानावर गेली होती, माझ्याआधी.

मी साडेबाराच्या बसनं पेडण्याला उतरले. पत्र पिशवीत. कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेले. वर दोन माणसं चढली, एक उतरला. मी वळले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसले.

पाव-भाजी मागवली. भूक नव्हती. पुढ्यात ठेवून बसले. भिंतीवर घड्याळ होतं, पाच मिनिटं पुढं, हॉटेलवाल्यानंच सांगितलं. दीड वाजला. मी मनाशी म्हटलं, हा पाव संपला की उठायचं. पाव संपवला नाही. दोन वाजले. वर्षा लहान असताना तिला ताप आला होता, तेव्हा दोन रात्री मांडीवर घेऊन बसले होते, ते आठवलं. उठावंसं वाटलं. मग सोपा आठवला. माझ्या वांगडा आयल्या. बसून राहिले.

विचार करत नव्हते असं नाही. रूमांतली मतं फुटणार. माझं नाव छापून आलं की पार्वती, फॅक्टरीच्या बायका, निम्म्या माझ्याकडं येणार. उरलेल्यांत वर्षा पडणार आणि कमलाक्षी निवडून येणार. नळ जाणार. पार्वतीच्या मुलींचे दाखले अडणार. हे सगळं मला त्या बाकावर स्वच्छ दिसत होतं. तरी बसले. मी पडले तरी चालेल, ती निवडून यायला नको. हे असंच्या असं मनात आलं, ह्याच शब्दांत. खोटं नाही लिहीत.

तीनला पाच कमी असताना हॉटेलवाला म्हणाला, बाय, काही पाहिजे का अजून? मी नको म्हटलं. मग तीन वाजले. मग दहा मिनिटं अजून बसले, खात्री म्हणून.

फळ्याकडं गेलेच नाही. सरळ बस धरली.

गोकुळदासभाऊंचा फोन चार वेळा येऊन गेला. उचलला नाही. बाबांनी विचारलं, सही झाली? मी हो म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. वर्षा आली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं मात्र बघितलं, बराच वेळ.  बाबांना औषध दिलं, आत गेली.

उद्या सकाळी सगळ्यांना कळेल. कळू दे. मला आज पहिल्यांदा हलकं वाटतंय. 

गुरुवार, २८ जुलै

सकाळीच गोकुळदासभाऊ आले. लग्नातले कपडे अजून अंगावर. उभ्या उभ्याच म्हणाले, यादीत दोनच नावं आहेत, कमलाक्षी आणि तू. वर्षानं काल कचेरी उघडल्या उघडल्या माघार घेतली. मला न विचारता! ठरल्याप्रमाणे तूही घेतली असतीस तर कमलाक्षी बिनविरोध आली असती.

वर्षा डबा भरत होती. म्हणाली, "अक्का घेणार नव्हती."

ते गेल्यावर मी तिला विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, पाचाचे सहा सांगितलेस तेव्हाच कळलं. आणि रूमांतल्या एका घरात तरी माझ्या नावानं दार उघडलं का? भागीरथीची बहीण म्हणून उघडत होते. मला उभं राहायचं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही. मग डब्याचं झाकण लावून म्हणाली, संध्याकाळी तयार राहा, गावातल्या घरी मी येते बरोबर, बोलायचं ते मी बोलेन.

माझं नाव छापलंय. मला हवं होतं तसंच. आणि हेसुद्धा तिनंच दिलं.