आबांची ड्युटी

वाशी, नवी मुंबई
ता. ६ जानेवारी १९८४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. लिहायला बसले की ‘आबा कसे आहेत’ या तुझ्या प्रश्नापाशी पेन अडायचं.

आबांचा विसर वाढला आहे. रोज सकाळी ते माझं नाव विचारतात, मी सांगते. पण त्यांचे पाय काही विसरायला तयार नाहीत. सहा वाजले की खाकी शर्ट चढवून ड्युटीवर निघतात. या गावात अजून रेल्वे आलेली नाही; पण बत्तीस वर्षं रूळ ठोकत चाललेल्या माणसाला ते कोणी पटवावं? रस्त्याकडेच्या गटारावरच्या फरश्या हे आता त्यांचे रुळांखालचे स्लीपर. एकेक फरशी ठोकत, पोकळ वाजली तर खडूने फुली मारत ते बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जातात. त्यांची हातोडी तू दिवाळीत जप्त करून नेलीस, म्हणून माझं लाटणं नेतात. आमच्याकडे पोळ्या बंद, भाकरी चालू.

कोपऱ्यावर जुहूगावची गोजराबाई मासळी घेऊन बसते. पूर्वी आपल्या हद्दीच्या टोकाला आबा पलीकडच्या रेल्वे गँगच्या माणसापुढे सहीसाठी वही धरायचे ना, तशी तिच्यापुढे धरतात. तिला सही येत नाही. ती वहीत एक मासा काढते आणि सांगते, “बाबा, लाईन बरी हाय. आता मागं फिरा.” ते फिरतात. दुपारी मी शाळेत असते तेव्हा शेजारच्या वैजयंतीबाई त्यांना शेंगा सोलायला बसवतात आणि मनमाडच्या पुराची तीच गोष्ट रोज नव्याने ऐकतात.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं गोळीने परत येत नाही. चालू द्या, माणसांत राहू द्या, हाताला काम द्या. उरलेलं जास्त टिकेल. म्हणून दार उघडं ठेवायचं ठरवलं आहे.

वहिनींना जयभीम. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अरुणा


मनमाड
ता. १४ जानेवारी १९८४

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

लाटण्याचं वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. मी हसलो नाही. आपल्या मनमाडचा श्यामसुंदर परवा सुट्टीवर इकडे आला होता. तुझ्याच कॉलनीत राहतो तो, त्याला सगळं ठाऊक. तू पत्रात गाळलंस ते त्याने सांगितलं. डिसेंबरात आबा दोन तास सापडत नव्हते आणि शेवटी खाडीपुलाच्या रस्त्याला मिळाले. बी. ए. झालीस, पोरांना खरं बोलायला शिकवतेस, आणि भावाला अर्धंच कळवतेस?

माशाच्या चित्राच्या भरवशावर बाप रस्त्यावर सोडायचा, हे मला पटत नाही. सुताराकडून दाराला वरच्या अंगाला, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घे. पाच फेब्रुवारीला मी येतो आणि त्यांना इकडे आणतो. माझ्या रेल्वे क्वार्टरला कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे. तुझ्यावर राग नाही, भीतीने लिहितो आहे.

प्रकृतीला जप. आमची आठवण असू दे.

तुझा,
भगवानदादा


वाशी
ता. २७ जानेवारी १९८४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ते दोन तास मी लपवले. कळलं तर तू आबांना नेशील, या भीतीने. हे खोटंच झालं, त्याला दुसरं नाव देत नाही. त्या दिवशी बाजार बंद होता, गोजराबाई नव्हती. मागे फिरा म्हणायला कोणी नाही, म्हणून ते चालत राहिले. आता ती येणार नसली की आदल्या दिवशी सांगून ठेवते, आणि मी तिच्या जागेवर जाऊन बसते. माझा मासा आबांना पसंत नाही. दोनदा खोडायला लावला.

कडीही बसवली होती, तुझ्या शब्दाखातर. पहिल्या दिवशी त्यांनी दार ढकलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पायात चपला घालून दाराशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, “बाई, गाडी येईल. मला सोडा.” मी सोडलं नाही. दादा, चौथ्या सकाळी त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच विसरले. तेव्हा मी स्टुलावर चढून कडी उघडली.

हे मी त्यांच्यासाठी करते की लोकांनी चांगली मुलगी म्हणावं म्हणून, हे मी स्वतःला रोज विचारते. उत्तर नेहमी स्वच्छ येत नाही. उद्या काही वाईट घडलं तर दोष माझा, हेही लिहून ठेव. पण कडी पुन्हा लागणार नाही. आणि आबांना मी देणार नाही. तुझ्या क्वार्टरमागे खरी लाईन आहे, खऱ्या गाड्या आहेत. शिट्टी ऐकली की ते निघणार, म्हणून तुला ते कुलूप मरेपर्यंत काढता येणार नाही. इथे लाईन खोटी आहे, म्हणूनच ते मोकळे आहेत. त्यांनी फुली मारलेल्या फरशीवर पाय द्यायचा नाही, असं बिल्डिंगमधल्या बायकांनी पोरांना बजावलंय. कुलपाआड कोण त्यांचं एवढं ऐकणार आहे?

पाच तारखेला जरूर ये. येताना हातोडी आण. एका सकाळी त्यांच्या मागून कोपऱ्यापर्यंत चाल. त्यानंतरही तू न्यायचंच म्हणालास, तरी मी नाहीच म्हणेन.

कालपासून ते पुन्हा नाव विचारायला लागलेत.

भांडलो तरी तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी,
अरुणा

ता. क. उद्याचं काम : वरची कडी उखडून काढणे. पेचकस आबांच्या हाती द्यायचा.