न दिसलेला चेंडू

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सामना संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखशील. तुला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून आपला फोन बंद झाला आणि पत्रं सुरू झाली. खरं सांगू, मला ते बरंच पडलं. फोनवर जे बोललो नसतो ते लिहून जातो.

आकडे तू पाहिलेच असशील. चार, शून्य, नऊ, दोन. चारपैकी तीनदा पायचीत, एकदा त्रिफळा. आत येणारा चेंडू आणि माझा पुढचा पाय, दोघांची जणू ठरवून भेट होते. पेपरवाले म्हणतात पाय जड झाले, वय झालं, सदतीस म्हणजे काय थट्टा आहे का. प्रशिक्षक म्हणतात डोकं ऑफ स्टंपकडे कलतंय. सकाळी दोन तास नुसता तेवढाच सराव करून घेतात. सरावात जमतं, मैदानात गेलं की पहिले पाढे पंचावन्न.

पण ताई, बाद होण्याची भीती मला नवी नाही. ती प्रत्येक फलंदाजाला असते, त्याशिवाय धावा होत नाहीत. आता वाटते ती वेगळी आहे. मला चेंडूची भीती वाटायला लागलीय. पॅड कुणासमोर बांधवत नाहीत म्हणून मी स्वच्छतागृहात जाऊन बांधतो. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तू दुकानातल्या टीव्हीवर मला बघतेस ना? समालोचकांचं तुला ऐकू येत नाही, हे एका परीने बरं आहे. नीट बघ आणि तुझ्या डोळ्यांना काय दिसतं ते कळव. माझी पोरं मजेत आहेत. आमच्या मास्तरीणबाईंच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, त्यामुळे घरात माझ्यापेक्षा उत्तरपत्रिकांचा रुबाब जास्त.

लोभ आहेच, जरा जास्तीचा पाठव.
तुझा,
ढब्बू

*

दि. ९ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग शटर अर्धं खाली ओढून त्या सामन्याची क्षणचित्रं पुन्हा लागली होती ती पाहिली. बाहेर चार रिकामटेकडे उभे राहून तुला नावं ठेवत होते. ऐकू आलं नाही तरी ओठांवरून शिव्या ओळखणं फार सोपं असतं रे. एकाची पॅन्ट माझ्याकडे शिवायला आहे. त्याची कंबर मी अर्धा इंच आवळणार आहे, जन्मभर आठवण ठेवील.

आता कामाचं. मला क्रिकेटमधलं ढिम्म कळत नाही, पण अंगावरचा कपडा कळतो. पूर्वी तू गार्ड घेतलास की सदऱ्याची चुणी डाव्या खांद्यापासून उजव्या काखेकडे सरळ जायची. गोलंदाजाला तुझा खांदा दिसायचा, छाती नाही. आता चुणी मोडलीय. तू सबंध छाती त्याच्यासमोर उघडी करून उभा राहतोस, आणि मग पाय आडवा पडतो. पाय जड झालेला नाही. तू आधी मान वळवतोस, मानेमागे खांदा जातो आणि खांद्यामागे बिचारा पाय.

माणूस मान अशी कधी वळवतो सांगू? सुईत दोरा ओवताना. एक डोळा बाजूला ठेवायचा असला की.

मला गोल गोल उत्तर नको. तुझ्या डाव्या डोळ्याला काय झालंय? ऑक्टोबरात हेल्मेटच्या जाळीवर चेंडू बसला होता, तेव्हा तू काही नाही म्हणाला होतास. त्या काही-नाहीचं पुढे काय झालं?

उलट टपाली कळव.
तुझी,
ताई

*

दि. १३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा राग आला. तीन फिजिओ, दोन प्रशिक्षक आणि तो यंत्रावर चित्रं थांबवून बघणारा माणूस, यांना जे कळलं नाही ते तुला शिवणयंत्रावर बसून कळावं!

डाव्या डोळ्यात आधी काळे ठिपके फिरायचे. मग कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. डिसेंबरापासून खालून एक सावली वर चढतेय. पाण्याच्या टाकीत पातळी चढावी तशी. रोज सकाळी उजवा डोळा झाकून खिडकीच्या गजांवर बघतो. परवा खालचे दोन गज गेले होते, आज तिसरा अर्धा गेला. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू दिसतो, टप्पा पडायच्या आत बुडतो आणि मग एकदम अंगावर असतो. कुठवर आलाय याचा अंदाजच लागत नाही.

डॉक्टरकडे गेलो तर तो थांबवील. मग पेपरात काय येईल, खेळता येईना म्हणून डोळ्याचं निमित्त केलं. तेवढं तरी माझ्या वाट्याला नको. बावीस तारखेला शेवटचा सामना आहे. एक डाव, ताई. एक बरा डाव खेळतो आणि स्वतःहून थांबतो. मग नेशील त्या डॉक्टरकडे येतो.

समोर तो उंच गोलंदाज असेल. चेंडू छातीच्या वर आणतो आणि आणताना हसतो. स्वप्नात मला त्याचं फक्त हसणं दिसतं, चेंडू दिसत नाही.

घरी कळवायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.
तुझा,
ढब्बू

*

दि. १७ जानेवारी

चि. सौ. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला कधी लिहीत नाही, तेव्हा हे पत्र बसून वाच. सोबत ढब्बूचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता तुला कळेल की मी शपथ मोडली आहे. शपथ मोडली तर माणूस मरतो म्हणतात. पाळली तर हा नक्की मरेल, म्हणून मोडलेली बरी. आमच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचता वाचता चष्माच काढला. त्यांनी खाली लिहून दिलं की हा डोळ्याचा पडदा सुटतोय, एकेक दिवस मोलाचा आहे, आणि या अवस्थेत वेगवान चेंडूसमोर उभं राहणं म्हणजे रुळांवर उभं राहणं.

तुला एक सांगते, जे त्यालाही सांगितलेलं नाही. माझे कान एका रात्रीत गेले असं घरात सगळे समजतात. तसं नव्हतं. सहा महिने कानात भुंगा गुणगुणत होता. शाळांच्या गणवेशांचं काम हाती होतं, म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. काम वेळेवर दिलं. त्यानंतर मला कुणाची हाक ऐकू आली नाही, त्याचीही नाही.

तू जा. भांड, रड, बॅट लपव, काय वाटेल ते कर. तो माझं ऐकायचा नाही आणि मी त्याचं ऐकू शकत नाही.
तुझी,
ताई

*

दि. २५ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आज दवाखान्यातून लिहिते आहे. तो आहे, बरा आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

तुमचं पत्र एकवीस तारखेला पोचलं. पोरांना आईकडे सोडून मी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवर गेले, तर संघाची बस सुटत होती. बसच्या दारात त्याला गाठलं. त्याने माझ्या हातातलं पत्र पाहिलं, स्वतःचं अक्षर ओळखलं आणि पांढराफटक पडला. हलक्या आवाजात म्हणाला की इथे एक शब्द काढलास तर जन्मात बोलणार नाही. बस गेली. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, त्या वेळी स्वतःच गप्प झाले. याची लाज मला आयुष्यभर पुरेल.

मी प्रेक्षकांत जाऊन बसले. दोन गडी लवकर गेले आणि तो आला. सगळं मैदान उभं राहिलं, लोकांना वाटत होतं हा शेवटचा डाव असेल. वन्सं, नवरा बाद व्हावा म्हणून हात जोडणारी त्या हजारोंमध्ये मी एकटीच असेन. पहिल्याच चेंडूवर देवा याला बाद कर, म्हणत होते. तो बाद होईना. एक चेंडू बॅटच्या कडेला लागून स्लिपच्या वरून चौकार गेला. लोक नाचले, मी पदर तोंडात कोंबला.

मग त्या उंच गोलंदाजाने चेंडू आपटला. तो हनुवटीजवळून गेला. हेल्मेटच्या जाळीला वारा लागला असेल इतक्या जवळून. हा तसूभरही हलला नाही. आणि सगळीकडून टाळ्या! शेजारचे आजोबा मला म्हणाले की बघा, याला म्हणतात छाती, डोळ्यांची पापणी हलली नाही. मला माहीत होतं, का हलली नाही ते.

त्यानंतर गोलंदाज परत न जाता त्याच्याजवळ आला. काहीतरी बोलला. लोक ओरडायला लागले, त्यांना वाटलं भांडण जुंपलं. ह्याने मान हलवली, हातमोजे काढले, बॅट काखेत धरली आणि पंचांकडे जाऊन काही सांगितलं. आणि चालू लागला, बाद नसताना. आधी कुणाला कळेना. मग कुणीतरी पळपुटा म्हणालं, आणि तो शब्द सगळ्या रांगांमधून फिरला. तो सीमारेषेपर्यंत त्या आवाजातून चालत आला. पायऱ्यांवर त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, चल, कुठे न्यायचं ते ने.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. पडदा बसवलाय. किती दिसेल, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. त्यांचं हे न सांगणंच मला घाबरवतं.

येऊन जा. तुमची वाट पाहते.
तुमची,
मास्तरीण

*

दि. ३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला टेकून राहावा म्हणून दिवसरात्र तोंड खाली करून राहायचं. पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून, जमिनीवरच्या वहीत लिहितोय. आठवडाभर माणसांचे फक्त पाय बघतोय. चपलांवरून नर्सबाईंचा स्वभाव कळायला लागलाय.

तू येऊन एक दिवस राहून गेलीस, तेव्हा हे बोलता आलं नाही. मान खाली असल्यावर माझे ओठ तुला दिसणार कसे? तुझ्यावर राग होता. थोडा अजून आहे. तुझ्या कानांचं हिने वाचून दाखवलं, तेव्हापासून तो धरून ठेवणं जड जातंय.

मैदानातलं तेवढं सांगतो, हिलाही ठाऊक नाही. तो उंच गोलंदाज जवळ येऊन शिवी देईल वाटलं होतं. त्याने हळूच विचारलं की तुला चेंडू दिसला का. तीन महिने मी सगळ्यांशी खोटं बोललो होतो. त्याच्याशी बोलता आलं नाही. नाही म्हणालो.

काल तो इथे आला. मोठे, चिखलाचे बूट दारातच ओळखले. माझं तोंड दिसेना म्हणून तो सरळ फरशीवर उताणा झोपला, माझ्या पलंगाच्या कडेखाली, आणि तिथून माझ्याकडे बघत बोलत राहिला. म्हणाला, त्या चेंडूनंतर त्याला घास गिळवेना. माझे डोळे त्याच्या हातावर नव्हतेच, हे त्याला आधीच्या षटकातच कळलं होतं, तरी त्याने चेंडू आपटला. कप्तानाने सांगितलं होतं आणि बळीही हवा होता. आता धावत येताना पाय अडखळतात म्हणाला. एवढा सहा फुटी माणूस, ताई, फरशीवर पडून रडत होता. मी वरून बघत होतो आणि माझ्या डोळ्यातलं पाणी त्याच्या कपाळावर पडेल आणि रडू नका म्हणणारे डॉक्टर रागावतील, अशी भीती वाटत होती.

परवा पट्टी निघणार. आतापर्यंतच्या सगळ्या भीती या एका सकाळपुढे पोरखेळ वाटतात.

ता. क. २ फेब्रुवारी. पट्टी निघाली. बुडबुड्यामुळे अजून सगळं हलतंय. डॉक्टरांनी बोटं दाखवून विचारलं किती. मी तीन म्हणालो. दोन होती. ते म्हणाले हेही कमी नाही, आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर काळोख होता. वाचता येईल, रस्ता ओलांडता येईल. पुढे बोलायचे थांबले, मी विचारेन म्हणून. मी काही विचारलं नाही. मास्तरीणबाईंनी माझा हात धरला होता, तो ती सोडेना. म्हणून मीच म्हणालो, घरी जाऊ.

लोभ असू दे, आणि मी पुन्हा खोटं बोललो तर रागही.
तुझा,
ढब्बू